सावर : फळावरून जोखू नये असे झाड

झाडांना माणसांत जी कीर्ती मिळते ती बहुधा त्यांच्या फळामुळे, सावलीमुळे, लाकडामुळे किंवा देवामुळे मिळते. आंबा फळासाठी मोठा झाला. वडाला सावली आहे आणि ज्येष्ठातली पौर्णिमाही आहे. साग लाकडासाठी, तर चंदन सुगंधासाठी राखला जातो. उंबराखाली दत्त आहे, बेलावर शंकराचा हक्क आहे, आणि पिंपळाला तर कुऱ्हाड लावायलाच माणूस कचरतो. या सगळ्या मानकऱ्यांच्या पंगतीत सावरीला पान मांडलेले नाही. तिचे फळ खाता येत नाही, लाकूड टिकत नाही, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ती निष्पर्ण होते म्हणून सावली मिळत नाही, आणि खोडावर काटे असल्याने तिच्या बुंध्याला कोणी टेकूनही बसत नाही. मग या झाडाचा उपयोग काय? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या वाङ्मयाने तो फार पूर्वी विचारला आणि त्याचे उत्तरही देऊन टाकले. ते उत्तर अपुरे होते आणि त्याची किंमत अजून सावर मोजते आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वभाग उसाचा आणि पश्चिमभाग डोंगराचा. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतून सह्याद्रीकडे जाऊ लागले की बांधावर, ओढ्याकाठी, रानाच्या कडेला सावर भेटू लागते. पावसाळ्यात ती इतर हिरव्या झाडांत हरवून जाते. माघ-फाल्गुनात मात्र तिला चुकवू म्हटले तरी चुकवता येत नाही. अंगावर एकही पान नाही आणि सगळ्या फांद्या लालभडक, असे हे झाड मैलभरावरून ओळखू येते.

ओळख पटवताना

फाल्गुनात लाल दिसणारी झाडे एकटी सावरच नव्हे. पळस आणि पांगारा हे तिचे सोबती आहेत आणि तिघांत गल्लत होते. पळसाचे फूल वाकड्या चोचीसारखे, केशरी रंगाचे. त्याची पाने तीन-तीनच्या जुळणीत, हे तर म्हणीतूनच सर्वांना ठाऊक आहे. पांगाऱ्याच्या फांद्यांवरही काटे असतात, त्यामुळे तो सावरीच्या अधिक जवळचा वाटतो. पण त्याची फुले लांबट, अणकुचीदार आणि दाट तुऱ्यात येतात. पळस आणि पांगारा हे दोघेही शेंगा धरणारे, म्हणजे वाल-घेवड्याच्या कुळातले.

सावरीचे फूल वेगळे. खाली जाड, मांसल, पेल्यासारखा हिरवट संदल, त्यातून बाहेर वळलेल्या पाच जाडजूड पाकळ्या, आणि मध्ये जुडग्या-जुडग्यांनी उभे असलेले पुष्कळ केसर. फूल हाताच्या तळव्याएवढे भरते. बहुतेक झाडांची फुले लाल असतात, पण केशरी आणि क्वचित पिवळ्या फुलांची सावरही आढळते. पान पंजासारखे असते, एका देठाच्या टोकाला पाच ते सात पर्णिका. खोड सरळसोट वाढते आणि फांद्या खोडाभोवती एका पातळीत फुटून आडव्या पसरतात, त्यामुळे झाडाला मजले असल्यासारखे दिसते. अनुकूल जागी ते तीस मीटरपर्यंत सहज जाते. कोवळ्या खोडावर शंकूच्या आकाराचे टणक काटे असतात. ते लाकडातून आलेले नसून सालीचेच उंचवटे असतात. म्हणून काटा बाजूने दाबला तर पूर्ण निघून येतो. झाड वयात आले की खालच्या खोडावरचे काटे झिजून जातात आणि बुंध्याशी भिंतीसारखे आधार फुटतात. म्हाताऱ्या सावरीला 'काटेसावर' का म्हणतात हे म्हणूनच नवख्याला उमगत नाही.

नावांचाही थोडा गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे सावर, सावरी, काटेसावर, शेवर, शेवरी अशी नावे चालतात. त्यांपैकी 'शेवरी' हे नाव आणखी एका झाडाला आहे. मिरज भागातल्या पानमळ्यांत पानवेलीला आधार आणि सावली देण्यासाठी जी सडपातळ, बारीक पानांची शेवरी लावतात ती हदग्याच्या जवळची, शेंगा धरणारी. तिचा सावरीशी काही संबंध नाही. शिवाय बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने कधी कधी 'पांढरी सावर' दिसते. ती सावरीची चुलत बहीण म्हणावी अशी, पण वेगळ्या प्रजातीची. तिची फुले लहान, मळकट पांढरी असतात आणि 'कपोक' नावाने बाजारात येणारा कापूस तिचा.

कूळ आणि नावाचा प्रवास

वनस्पतिशास्त्रात सावरीचे नाव 'बॉम्बॅक्स सीबा'. 'बॉम्बॅक्स' ही मुख्यतः उष्ण प्रदेशातील आशियाई वृक्षांची प्रजाती. तिचे काही भाऊबंद आफ्रिकेतही आहेत. 'बॉम्बॅक्स' हा शब्द रेशीम आणि कापूस या अर्थाच्या जुन्या युरोपीय शब्दावरून आला आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत सावरीला 'बॉम्बॅकेसी' असे स्वतंत्र कूळ दिलेले आढळेल. १९९८ साली वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ते कूळ 'माल्व्हेसी' या भेंडी-जास्वंदीच्या कुळात सामावले गेले. त्यामुळे आज सावरीचे नातलग मोजायला बसले तर गंमत वाटते. परसातली जास्वंद, भाजीतली भेंडी, भाकरीबरोबरची अंबाडी, शेतातली कपाशी, रानातली मुरुडशेंग आणि धामण, बागेतला मुचकुंद, एवढेच काय पण आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आणि चॉकलेट देणारा कोको, ही सारी एकाच घरातली मंडळी ठरतात.

सावरीच्या शास्त्रीय नावाची कथा भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ऐकावी अशी आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य त्याचा मोठा आधार होता. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्यही या कामात होते. त्यांचे नागरी लिपीतले निवेदन ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे. या ग्रंथात सावरीचे चित्र आहे आणि तिचे मल्याळी नाव दिले आहे. 'मुळ्ळ्' म्हणजे काटा आणि 'इलवु' म्हणजे सावर. म्हणजे आपली काटेसावरच.

पुढे १७५३ साली लिनीअसने वनस्पतींना द्विपदी नावे दिली तेव्हा या आशियाई झाडाची आणि अमेरिकेतल्या तशाच कापूसवाल्या झाडांची माहिती त्याने एकाच नावाखाली घातली. 'सीबा' हा शब्द तर अमेरिकेच्या बेटांवरील मूळ रहिवाशांचा. त्यामुळे नंतरचे शास्त्रज्ञ हे नाव वापरीनात. कोणी तिला 'मलबारिकम' म्हटले. १८३२ साली शॉट आणि एंडलिखर या दोघांनी तिच्यासाठी एक वेगळी प्रजातीच काढली आणि तिचे नाव ठेवले 'साल्मालिया'. हे आपल्या 'शाल्मली'चेच लॅटिन रूप! जवळजवळ शतकभर आपल्या ग्रंथांतून हे नाव भेटते. पुढे रोबीन्स या बेल्जियन शास्त्रज्ञाने या प्रजातीचा सांगोपांग अभ्यास केला, तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमानुसार लिनीअसचेच नाव खरे ठरले. तेव्हा आज कागदोपत्री आपल्या शाल्मलीच्या अंगावर अमेरिकन नाव आहे. नाव देणाऱ्याने झाड पाहिलेले नसले की असे घडते. सावरीच्या बाबतीत ही एकच वेळ नव्हे.

वाङ्मयाने दिलेला निकाल

आपल्याकडे शाल्मलीचा उल्लेख फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या विवाहाचे सूक्त आहे. त्यातल्या वधूच्या रथाच्या वर्णनात किंशुक आणि शल्मली ही दोन नावे शेजारी शेजारी येतात. पळस आणि सावर आजही एकाच महिन्यात फुलतात हे लक्षात घेतले म्हणजे या शेजाराचे नवल वाटत नाही. अमरकोशाने तिला पिच्छिला, पूरणी, मोचा, स्थिरायु अशी नावे दिली आहेत. या नावांत झाडाची चांगली पाहणी दिसते. पिच्छिला म्हणजे बुळबुळीत चिकाची, पूरणी म्हणजे भरण्याच्या उपयोगी कापूस देणारी, स्थिरायु म्हणजे दीर्घायुषी. तिचा डिंक 'मोचरस' म्हणून आयुर्वेदात अतिसारावर वापरला जातो.

कथावाङ्मयात तिला मानाची जागा आहे. नारायणपंडिताच्या हितोपदेशातील 'मित्रलाभ' सुरू होतो तो गोदावरीकाठच्या एका विशाल शाल्मलीवर. चहूदिशांनी आलेले पक्षी रात्री तिच्यावर वस्तीला असतात. म्हणजे संस्कृतातील या प्रसिद्ध कथामालेचा पहिला प्रसंग आपल्याच नदीच्या काठी, आपल्याच सावरीवर घडतो. बाणभट्टाच्या कादंबरीत वैशंपायन पोपटाचा जन्म विंध्यारण्यातल्या अशाच एका जुन्या शाल्मलीच्या ढोलीत होतो. हजारो पोपटांचे घर असलेले ते झाड आणि एका म्हाताऱ्या शबराने त्यावर चढून केलेला संहार ज्याने वाचला तो ते विसरणार नाही.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला शाल्मली आणि वायू यांची गोष्ट सांगतात. आपल्याला वारा काही करू शकत नाही अशी बढाई मारणारी शाल्मली शेवटी भीतीने स्वतःच आपल्या फांद्या टाकून देते. नरकाच्या वर्णनांत काटेरी शाल्मली ही पापी माणसाला छळण्याची जागा आहे. आणि सर्वांत अधिक चालली ती पोपटाची गोष्ट. लाल फुले पाहून पोपट आशेने झाडाशी बसून राहतो, फळ पिकेपर्यंत वाट पाहतो, आणि शेवटी चोच मारतो तर आत नुसता कापूस! उत्तरेकडील संतांना हा दृष्टान्त अतिशय आवडला. कबीराच्या वाणीत सेमलाचे फूल आणि भुललेला पोपट येतो. गुरू नानकांच्या 'आसा दी वार' मध्ये उंच, भारदस्त पण आशेने आलेल्या पाखरांना विन्मुख पाठवणारे झाड म्हणून सिंमल येतो. वरून देखणे आणि आतून पोकळ अशा माणसासाठी, फसव्या संसारासाठी, सावर हे चिन्ह होऊन बसले.

संतांना माणसाविषयी बोलायचे होते आणि ते त्यांनी अचूक सांगितले. दृष्टान्त म्हणून पोपटाची गोष्ट निर्दोष आहे. अडचण आपली आहे. दृष्टान्तात उपमान म्हणून आलेल्या झाडावर आपण तोच निकाल खरा म्हणून लादतो. फळात गर नाही म्हणून झाडात काही नाही, हा न्याय कितपत बरोबर, हे फळापासूनच तपासून पाहू.

फळात काय असते

सावरीचे फळ म्हणजे बोटभर ते वीतभर लांबीचे टणक, लांबट बोंड. चैत्र-वैशाखात ते सुकते, पाच फाकांनी उकलते आणि आतला रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. प्रत्येक पुंजक्यात काळसर, वाटाण्याहून लहान बी असते.

कपाशीचा कापूस आणि हा कापूस दिसायला सारखा, पण जातीने निराळा. कपाशीचे तंतू बियांच्या सालीतून उगवतात, म्हणून सरकीपासून ते ओढून काढावे लागतात. सावरीचे तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतात. बी त्यात नुसते गुरफटलेले असते आणि झटकले की सुटते. कपाशीच्या तंतूला सुकताना पीळ पडतो. त्या पिळामुळे तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघते. सावरीचा तंतू आखूड, गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो. त्याला पकड नाही, म्हणून सूत नाही. परंतु त्याच पोकळीत हवा कोंडलेली असते आणि वरून मेणासारखा थर असतो. त्यामुळे तो हलका राहतो, चटकन दबून गोळा होत नाही आणि पाण्यात लवकर भिजत नाही. अमरकोशाने दिलेल्या 'पूरणी' या नावाचे मर्म हेच. सावरीच्या कापसाची उशी हे एके काळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे आणि तान्ह्या बाळाचे खास अंथरूण-सामान होते. फोमच्या आणि कृत्रिम धाग्याच्या उशा आल्या आणि बोंडे गोळा करण्याचा उद्योग बहुतेक घरांतून गेला.

तेव्हा फळात जे आहे ते पोपटासाठी नव्हतेच. ते वाऱ्यासाठी होते. आंबा आपल्या बियांभोवती गर ठेवतो, कारण ते बी खाणाऱ्याने दूर न्यावे अशी त्याची योजना असते. सावरीने वाहक म्हणून वारा निवडला. वाऱ्याला गोडी कळत नाही, हलकेपणा कळतो. म्हणून गराऐवजी कापूस. बोंडे उकलतात तीही वळवाच्या आधी, झाडाला पाने अगदी कोवळी असताना, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी आणि बी जमिनीवर पडल्यावर महिन्याभरात पाऊस. जे बी झाडाखालीच पडते त्याचेही गिऱ्हाईक ठरलेले असते. कपाशीवर दिसणारे तांबडे ढेकूण आणि त्यांचे भाऊबंद तेथे थव्याने जमतात आणि तेलकट बियांतला रस शोषतात. पोपटाला फळ फसवे वाटले. झाडाच्या दृष्टीने पाहिले तर इतके नेमके फळ क्वचितच सापडेल.

खरे दान फुलात

पक्ष्यांना सावरीने काहीच दिले नाही असेही नाही. तिने ते फळात नव्हे तर फुलात दिले, आणि फळाची वाट पाहत बसलेल्या गोष्टीतल्या पोपटाला ते दिसले नाही.

पौष संपला की सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे ओढे आटू लागतात. गवत वाळते. पावसाळी फळे केव्हाच संपलेली असतात आणि करवंद, जांभूळ, आंबा यायला अजून दोन-तीन महिने असतात. रानातल्या जीवांची ही खरी टंचाईची वेळ. नेमक्या याच वेळी सावर फुलते. तिच्या पेल्यासारख्या संदलाच्या तळाशी पातळ मधुरस भरलेला असतो, आणि फुले तर झाडावर शेकड्यांनी. अशा वेळी फुललेल्या सावरीखाली उभे राहून वर पाहावे. मैना, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, तांबट, कावळे, शिंजीर आणि खुद्द पोपट यांची तेथे जत्रा भरलेली असते. हिवाळी पाहुणी म्हणून येणारी गुलाबी-काळी पळस मैना थव्याने उतरते. दिवसा खारी आणि वानरे येतात, रात्री वटवाघळे येतात. मधमाश्या पराग आणि रस दोन्ही नेतात. भुदरगड तालुक्यातले पाटगाव आज 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. मधाच्या गावाला एका झाडाचा फुलोरा पुरत नाही, एकामागून एक येणाऱ्या फुलोऱ्यांची साखळी लागते, आणि फाल्गुनातल्या त्या साखळीत सावर हा एक दुवा आहे.

पाहुणचार झाला की फूल गळते. मांसल असल्याने धप् असा आवाज करून पडते, आणि खाली भेकरासारखे प्राणी ते आवडीने खातात. माणसानेही ते सोडलेले नाही. कोवळ्या कळ्यांची आणि संदलांची भाजी देशात अनेक ठिकाणी होते. थायलंडच्या उत्तर भागात वाळवलेले केसर शेवयांच्या रश्श्यात घालतात. चीनमधील ग्वांगझौ शहराने तर सावरीच्या फुलाला आपले नगरपुष्प केले आहे आणि तिकडे या झाडाला 'वीरवृक्ष' म्हणतात. एकाच झाडाला एकीकडे पोकळ माणसाची उपमा आणि दुसरीकडे वीराची. झाड तेच, पाहणाऱ्याचे डोळे निराळे.

हे दान झाड फुकट करीत नाही, हेही सांगायला हवे. पक्षी रसासाठी चोच खुपसतो तेव्हा केसरांतला पराग त्याच्या डोक्याला आणि गळ्याला लागतो, आणि तो तसाच पुढच्या झाडावर जातो. सावरीला स्वतःच्याच परागाने फळ धरणे फारसे साधत नाही. तिला दुसऱ्या सावरीचा पराग लागतो. डॉ. सालिम अली यांनी १९३२ साली 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात भारतातील फुले आणि फुलांवर येणारे पक्षी यांच्यातील या देवघेवीवर विस्तृत लेख लिहिला, तेव्हापासून हा विषय आपल्याकडे अभ्यासला जात आहे. या देवघेवीतून एक गोष्ट निघते. गावाजवळची एक सावर वाचवली आणि बाकीच्या गेल्या, तर वाचलेली सावर दरवर्षी फुलेल, देखणीही दिसेल, पण तिची बोंडे रोडावत जातील. सावर एकटीने टिकत नाही. तिला दृष्टीच्या टप्प्यात तिची जात लागते आणि मध्ये ये-जा करणारे पक्षी लागतात.

उपयोगाची मापे

झाडाला उपयोग विचारायचा आणि उपयोग नसेल तर तोडायचे, उपयोग असेल तरीही तोडायचे, असा आपला व्यवहार आहे. सावरीने दोन्ही भोगले. तिचे लाकूड मऊ, पांढरट, हलके. इमारतीला निरुपयोगी, पण काडी सोलायला सोयीचे. म्हणून विसाव्या शतकात भारतातील काड्यापेटीच्या कारखान्यांनी सावर मोठ्या प्रमाणावर वापरली. पेट्यांच्या फळ्या आणि प्लायवूड यांतही ती गेली.

जेथे उपयोग नाही तेथे संरक्षणही नाही. महाराष्ट्रात १९६४ साली झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत सोळा वृक्षांची नावे होती. साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी ती यादी. एकेक नाव वाचत गेले की यादीमागचा विचार कळतो. ज्याचे लाकूड मोलाचे किंवा फळ मोलाचे ते झाड यादीत. सावर त्यात नव्हती. पोपटाने दिलेला निकाल कायद्यातही उतरला, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. शहरांसाठी १९७५ साली वेगळा कायदा झाला आणि नागरी हद्दीतल्या सर्वच झाडांना परवानगीशिवाय हात लावण्यास बंदी आली. पण सावरीचे घर शहरात थोडेच आहे? ते बांधावर, गायरानात आणि ओढ्याकाठी आहे.

होळीचाही प्रश्न आहे. कोकणात होळीसाठी उंच झाड उभे करण्याची प्रथा आहे. कुठे आंबा, कुठे पोफळ किंवा सुरमाड, तर कुठे सावर. राजस्थानात उदयपूरच्या परिसरात होळीच्या दांड्यासाठी सेमलच लागतो. सावर सरळ वाढते, मऊ असल्याने लवकर तुटते आणि कोणाच्या मालकीच्या उत्पन्नाची नसते, म्हणून निवड तिच्यावर येते. आणि दिवस पाहा. फाल्गुनी पौर्णिमा म्हणजे झाड फुलांनी लगडलेले आणि बोंडे धरू लागलेली. त्या दिवशी तोडलेल्या सावरीबरोबर तिची त्या वर्षीची संततीही जाते.

येथे प्रथेशी भांडण करण्याचे कारण नाही. प्रथा बदलतात आणि लोक त्या आनंदाने बदलतात, याचा दाखला कोल्हापूरनेच दिला आहे. आपल्याकडे होळी शेणींची. ती लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला दान देण्याचा उपक्रम शहरातल्या अनेक मंडळांनी उचलला. होळी राहिली, बोंबही राहिली, आणि शेणी मात्र गरजेच्या ठिकाणी गेल्या. जेथे झाड लागते तेथेही वाळलेल्या एका फांदीने होळीचा मान राखता येईल.

आपण काय करावे

सावर लावणे अवघड नाही. वैशाखात गोळा केलेले ताजे बी पावसाच्या सुरुवातीला टाकले तर चांगले उगवते. जाड फांदीचे खुंटही जगते. वाढ झपाट्याने होते आणि काट्यांमुळे कोवळ्या झाडाला गुरे फारसा त्रास देत नाहीत. मात्र जागा पाहून लावावी. घराला लागून किंवा वर्दळीच्या रस्त्यावर सावर नको. तिच्या फांद्या वादळात मोडतात आणि मांसल फुलांच्या सड्यावरून दुचाकी घसरते. नदीकाठ, गायरान, शाळा-महाविद्यालयांच्या मोकळ्या जमिनी, डोंगराचे उतार या तिच्या जागा. आणि वर सांगितलेल्या कारणासाठी ती एक न लावता चार-पाच लावावी.

लावण्याआधी मोजणेही हवे. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद शिवाजी विद्यापीठातील डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी २००२ साली ग्रंथरूपाने पुरी केली. कोणते झाड जिल्ह्यात आहे हे त्यावरून कळते. पण आपल्या गावच्या शिवारात किती सावरी उभ्या आहेत, त्यांतल्या किती फळ धरतात, हे गावातल्या माणसानेच पाहायचे असते. आपल्या महाविद्यालयांत पश्चिमेच्या सर्व तालुक्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने फाल्गुनात आपल्या शिवाराभोवती एक फेरी मारली आणि वहीत आकडा लिहिला, तर दोन-तीन वर्षांत जी नोंद तयार होईल ती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. फुललेली सावर ओळखायला डोळे पुरतात.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम आहे, आणि ते आपल्याच विषयातले आहे. जुने वाङ्मय वाचताना त्यातली झाडे केवळ उपमा म्हणून न वाचता झाडे म्हणूनही वाचावीत. हितोपदेशाच्या कर्त्याने पक्ष्यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी शाल्मली दिली आणि बाणाने पोपटांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्या ढोलीत वसवल्या. त्यांना हे झाड ठाऊक होते. पोपटाच्या निराशेची गोष्ट आपण लक्षात ठेवली आणि पोपटांच्या घराची गोष्ट विसरलो. दोन्ही गोष्टी एकाच झाडाच्या आहेत. फळ पिकण्याची वाट पाहत बसणाऱ्याला सावर निराश करील यात शंका नाही. जो फुलांच्या दिवसांत येतो तो मात्र तिच्याकडून कधीच रिकामा जात नाही.